उषाच्या फोटोचं काय करू?

(या सदरातली उत्तरं देणाऱ्या बाई कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या निवृत्त ग्रंथपाल आहेत. गेल्या अंकात त्यांनी वाचकांना विचारलं होतं : कॉलेजात असताना तुमचा खेळातला हिरो कोण होता? आलेल्या पत्रांपैकी चार इथं घेतली आहेत.)

प्रश्न : बाई, नमस्कार. मी १९८४ ते ८७ कॉलेजात होते. चारशे मीटर पळायचे, झोनलला तिसरी आले होते. घरून हाफ पँटला परवानगी नव्हती, त्यामुळं रेषेपर्यंत ट्रॅकसूट घालून जायचं आणि ऐनवेळी काढून मैत्रिणीच्या हातात द्यायचा. पी. टी. उषा म्हणजे आम्हा पळणाऱ्या पोरींचं दैवत. पेपरातला तिचा फोटो मी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. ते कपाट माझ्याबरोबर सासरी आलं. आता घराला रंग काढलाय, मुलगा म्हणतो कपाटही पावडर कोटिंगला देऊ, फोटो काढून टाक. एरवी मी भांडले असते, पण गप्प बसले. २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर पैलवान मुली कुस्ती महासंघाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप करत धरण्याला बसल्या होत्या तेव्हा उषा जे बोलली, ते मनातून जात नाही. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्यावरून इतकं वाजलं की दोघी ग्रुप सोडून गेल्या. त्यातली एक माझा ट्रॅकसूट धरणारी. फोटो ठेवू की काढू?
— सहकारी बँकेतून निवृत्त झालेली एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : फोटो ठेवा. का ते सांगते, पण तो कुठल्या शर्यतीचा ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि मला ते जाणून घ्यायची फार उत्सुकता आहे. ८४ च्या लॉस एंजेलिसचा, की ८६ च्या सोलचा? आमच्या लायब्ररीत दोन्ही वेळा पेपर कापला गेला होता.

पेपर लाकडी स्टँडवर असायचे, मधून लोखंडी सळई. सकाळी शिपाई अडकवून जायचा. मधल्या सुट्टीत स्टँडभोवती मुलींचा घोळका, आणि तो पांगल्यावर बघते तर खेळाच्या पानाला चौकोनी भोक. कडा इतक्या सरळ, की कापणारीनं ब्लेडबरोबर पट्टीही आणली होती हे उघड दिसत होतं. पाठच्या बाजूला बाजारभाव असायचे. आमचे हेडक्लार्क शेतकऱ्याघरचे, भाव बघितल्याशिवाय त्यांना चहा जायचा नाही. ते ते भोक घेऊन माझ्या टेबलाशी आले. "बाई, माझा गूळ कुणी कापला?" मी म्हटलं, "उषानं." त्यांनी जो चेहरा केला तो मला अजून दिसतो. दंडाची पावती फाडायला त्यांनी मला सुचवलं, पण फाडायची कुणाच्या नावानं?

आता त्या शर्यतीबद्दल. तुम्हाला ती तोंडपाठ असणार, पण हे सदर तुमचा मुलगाही वाचेल म्हणून लिहिते. चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत बायकांसाठी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा ठेवली ती १९८४ मध्येच. उषा तेव्हा वीस वर्षांची. या प्रकारात तिच्या पाठीशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शर्यती. जेवणाचे हाल, म्हणून भाताची पेज आणि लोणचं खाऊन दिवस काढले, असं तिनंच पुढं सांगितलंय. उपांत्य शर्यत तिनं जिंकली. अंतिम शर्यतीत तिला सुरुवात झकास मिळाली होती, पण दुसऱ्याच एका धावपटूनं फॉल्स स्टार्ट केला आणि सगळ्यांना पुन्हा रेषेवर यावं लागलं. मोरोक्कोची नवाल एल मुतवाकेल पहिली, अमेरिकेची ज्युडी ब्राऊन दुसरी. तिसऱ्या जागेसाठी फोटो बघावा लागला. रुमानियाची कोजोकारू ५५.४१ सेकंद, उषा ५५.४२. शेवटच्या पावलाला छाती पुढं झोकायला तिला कणभर उशीर झाला. तो ५५.४२ चा राष्ट्रीय विक्रम इतका टिकला, की विद्या रामराजनं त्याची बरोबरी केली ती थेट २०२३ मध्ये, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत. एकोणचाळीस वर्षांनी, आणि तीही बरोबरीच.

सोलचं तर विचारूच नका. ८६ च्या त्या आशियाई स्पर्धेत भारताला एकूण पाच सुवर्णपदकं मिळाली. दोनशे, चारशे, चारशे अडथळे आणि चार बाय चारशे रिले, ही चार उषाची. रिलेत अर्थात शायनी अब्राहम, वलसम्मा आणि वंदना राव बरोबर होत्या. पाचवं कर्तारसिंगचं, कुस्तीतलं. आमच्या गल्लीत त्या आठवड्यात चर्चा कुणाची असेल ते कोल्हापूरकराला सांगायला नको. मंगळवार पेठेतल्या पानपट्टीवर मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "एकच पदक आलंय, पण कुस्तीचं हाय!"

म्हणून तुम्हा पोरींनी तो फोटो कापला याचा मला तेव्हाही राग आला नव्हता. गावात तालमी किती, फुटबॉलचे संघ किती. पाटाकडील विरुद्ध खंडोबा म्हटलं की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नाही. त्या गर्दीत बायका किती असायच्या तुम्हीच आठवा. आमच्या कॉलेजात मुलींना मैदान सकाळी लवकर, मुलांचा सराव सुरू व्हायच्या आत. जिमखान्याच्या बजेटात मुलींच्या नावावर थ्रोबॉल आणि रिंग. पावसाळ्यात फक्कीनं आखलेला ट्रॅक दुपारपर्यंत वाहून जायचा, आणि पुन्हा आखायला माणूस मिळायचा तो मुलांच्या मॅचसाठी. ग्रुपवर तुम्ही सगळ्या 'काय दिवस होते ते' म्हणत असाल. असतील. मी काउंटरच्या या बाजूला होते, मला छताची गळतीही आठवते.

बरं, आता २०२३. मलाही ते रुचलं नाही. रस्त्यावर उतरणं ही बेशिस्त आहे, त्यानं देशाची प्रतिमा डागाळते, अशा अर्थाचं ती एप्रिलमध्ये बोलली. मेच्या सुरुवातीला ती स्वतः जंतरमंतरवर त्या मुलींना भेटायला गेली, पण आधीचं बोलणं पुसलं गेलं नाही. ज्या गावात पैलवान म्हणजे घरचा माणूस, त्या गावात ते लागणारच. आमच्याकडं पैलवान पोरीची तक्रार आधी ऐकून घेतात असं मी लिहिणार होते, पण छातीठोकपणे तसंही म्हणवत नाही.

तुम्ही बँकेत होता. एकाच माणसाची बचत आणि कर्ज अशी दोन खाती असतात, आणि कर्ज थकलं म्हणून बचतीचा जुना पासबुक कुणी फाडत नाही. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या अध्यक्षा म्हणून उषा काय बोलते, कुणाच्या बाजूनं उभी राहते, यावर तुम्ही खुशाल टीका करा, कडक करा. डिसेंबर २०२२ पासून ती त्या खुर्चीवर आहे, आणि खुर्चीवरच्या माणसाला विचारायचंच असतं. पण ५५.४२ तिनं त्या खुर्चीवर बसून काढलेले नाहीत. ते वीस वर्षांच्या मुलीनं पेज खाऊन काढले, आणि त्यामुळं राजारामपुरीतल्या एका मुलीनं रेषेवर ट्रॅकसूट उतरवला. तुमचं तिच्याशी नातं एवढंच. तिचं प्रत्येक मत पुढं चाळीस वर्षं आपलं म्हणून मिरवायचं, असा करार कुठं झाला होता?

आता कामाचं. पावडर कोटिंगवाला जुना रंग काढतो आणि पत्रा भट्टीत घालतो, तेव्हा फोटो आधी निघाला नाही तर गेलाच. पेपरचा कागद हलका, त्यात लाकडाचा लगदा. उजेड लागला की पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. तुमचा दाराच्या आत अंधारात राहिला म्हणून इतकी वर्षं टिकला. कशानं चिकटवला होता ते आठवा. कणकेची किंवा मैद्याची खळ असेल तर नशीब चांगलं : ओला करून पिळून घेतलेला पातळ कपडा, पाणी ठिबकता कामा नये, फोटोवर थोडा वेळ ठेवा, खळ सैल पडली की कडेनं बोथट सुरी सपाट धरून हळूहळू सरकवा. घाई केली की अक्षरं सुरीबरोबर येतील. निघाला की दोन कोऱ्या कागदांत सपाट ठेवा, वर जाड पुस्तक. लॅमिनेशन नको, त्यात कागद भाजतो. आणि फेव्हिकॉलनं चिकटवला असेल तर हात लावू नका. आधी मोबाइलवर चांगला फोटो काढून घ्या, मग मुलाला सांगा, कपाट जसं आहे तसं राहील, तुझी खोली रंगव.

आणखी एक. तुमचं झोनलचं तिसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट कुठं आहे? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. सापडलं तर त्यालाही हीच खबरदारी.

ट्रॅकसूट धरणारीला फोन करा. ग्रुपवर नाही, फोन.

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, नेमबाजी करते. आजोबा सांगतात, खाशाबा जाधवांना ऑलिंपिकला पाठवायला राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. माझ्या कॉलेजनं मला स्पर्धेच्या प्रवासाचे पैसे देताना तीन टेबलं फिरवलं. ही गोष्ट खरी, की प्रत्येक गावाची असते तशी एक?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा

उत्तर : खरी आहे गं. प्राचार्य खर्डेकर. रक्कम सात हजार रुपये. १९५२ चे सात हजार, त्यात काय काय आलं असतं हे आजोबांनाच विचार.

खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १५ जानेवारी १९२६ चा. शिकायला राजाराम कॉलेजात आले. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी हात दिला होता. मातीत घडलेला पैलवान गादीवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेटला, म्हणजे ५७ किलो गटात, कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. जपानच्या इशीशी लढत लांबली, हरली. पुढं सुवर्ण त्यालाच मिळालं. त्यानंतर विश्रांतीही न देता सोव्हिएत मम्मदबेयोव्हसमोर उभं केलं असं सांगतात, आणि त्यावर हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. तरी कांस्य. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक १९९६ ला लिअँडर पेसचं, म्हणजे मधे चव्वेचाळीस वर्षं गेली.

परत आल्यावर त्यांनी कुस्त्या करून पैसे उभे केले आणि आधी प्राचार्यांचं घर सोडवलं, असं इथं सगळेच सांगतात. मला या गोष्टीत पदकाइतकाच तो व्यवहार आवडतो. आपण कॉलेजच्या आठवणी काढतो त्या कट्ट्याच्या, कँटीनच्या, फार तर एखाद्या मास्तरच्या तऱ्हेवाईकपणाच्या. कुणी सही केली म्हणून कोण कुठं पोचलं, हे कुणाच्या आठवणीत नसतं. तू मात्र लक्षात ठेव. त्या तीन टेबलांपैकी एखादं टेबल तरी तुझ्यासाठी उठलं असेल, त्या माणसाचं नाव वहीत लिहून ठेव. बाकीच्या दोघांचंही लिहिलंस तर माझी हरकत नाही.

पुढं काय झालं तेही सांगते, नाहीतर गोष्ट फारच गोड वाटेल. १९५५ ला खाशाबा पोलिसात उपनिरीक्षक म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. तारीख बघ : उषाची लॉस एंजेलिसची शर्यत ८ ऑगस्टची. एकाच आठवड्यात दोन बातम्या. वर ज्या पेपरच्या भोकाबद्दल लिहिलंय, त्याच स्टँडवर ती बातमीही होती, आणि तिला कुणी ब्लेड लावलं नाही. पोरींचं सोड, मलासुद्धा कापून ठेवावंसं वाटलं नाही. अर्जुन पुरस्कार २००० साली मिळाला, मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

तू नेमबाज आहेस, तर तुझ्यासाठी दुसरी यादी जवळची. आपल्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोनची, म्हणजे पालथं झोपून नेम धरायच्या प्रकाराची, जगज्जेती झाली. इथल्याच राही सरनोबतनं २०१८ ला इंडोनेशियातल्या पालेम्बांगला आशियाई सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ ला पॅरिसला ४५१.४ गुणांवर कांस्य घेऊन आला, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं ते खाशाबांनंतर थेट तेव्हा. मातीच्या आखाड्याचं म्हणून ओळखलं जाणारं गाव श्वास रोखून नेम धरण्यात एवढं पुढं कसं गेलं, याचं मला अजून नवल वाटतं. तुझी पुढची स्पर्धा कधी ते कळव.

प्रश्न : मी कॉलेजात असल्यापासून भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३ धावांबद्दल सांगत आलोय. आता नातवंडं म्हणतात, "आजोबा, स्कोअर दाखवा, व्हिडिओ दाखवा." कसं पटवू?
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : व्हिडिओ नाही, आकडे द्या. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. निंबाळकर नाबाद ४४३, कमल भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटला ४५५ ची भागी, धावफलक ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर काठियावाडच्या कप्तानानं संघ मैदानात आणलाच नाही. सामना सोडून दिला. प्रथम श्रेणीत चारशेच्या वर गेलेला दुसरा भारतीय अजून झालेला नाही, आणि या माणसाला एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. जन्म कोल्हापूरचा, २०१२ ला गेले तेही इथंच. नातवंडांना विचारा, नऊ धावा हव्या असताना समोरच्यानं बॅगा भरल्या तर तुम्ही काय केलं असतं? उत्तर मलाही कळवा, छापू.

प्रश्न : आमच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय. आमचा हिरो टीव्हीवरचा नव्हता, आमच्याच कॉलेज टीमचा सेंटर फॉरवर्ड होता. त्याच्या एका गोलवर आम्ही तीन वर्षं काढली. त्याला घेऊन जुन्या मैदानावर मॅच लावायचा बेत आहे, पण तो यायलाच तयार नाही. गुडघे गेलेत म्हणतो. कसं आणायचं?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : खेळायला बोलवू नका, म्हणजे येईल. ज्यानं तुमच्यासमोर तो गोल मारला, त्याला त्याच मैदानावर बॉलमागं धापा टाकताना तुम्ही बघावं असं त्याला का वाटेल? तुम्हाला वाटेल, काय झालं, मजाच आहे. मजा तुमची.

त्याला शिट्टी द्या. रेफ्री करा. काळा टी-शर्ट तुम्ही आणा, त्याच्या मापाचा, आताच्या मापाचा. तुमच्यातल्या प्रत्येकाला तो एकदा तरी पिवळं कार्ड दाखवेल, आणि तेव्हा तुम्ही त्याच्याशी हुज्जत घालाल, तसा तो रंगात येईल. फोन तुम्ही एकट्यानं करू नका. त्याला पास देणारा जो कोण होता, त्याला करायला लावा. तुमच्या त्या वेळच्या क्रीडा शिक्षकांनाही बोलवा आणि 'रिक्षानं या सर' असं म्हणू नका, गाडी पाठवा, आणायला बॅचमधलाच कुणीतरी जा.

जेवण मॅचनंतर ठेवा. तांबडा-पांढरा ओरपून पन्नाशी ओलांडलेले बावीस जण पळणार असतील, तर बॅचमध्ये डॉक्टर झालेला जो कोण असेल त्याला टीममध्ये घेऊ नका, लाइनवर उभा करा.